संमिश्र पुलाची खरी परीक्षा काँक्रीट ओले असताना

रेल्वेमार्गावर उड्डाणपूल उभारताना रात्रीच्या काही तासांच्या ‘ब्लॉक’मध्ये पोलादी गर्डर जागेवर सरकवले जातात आणि सकाळी त्यांच्याखालून गाड्या पुन्हा धावू लागतात. प्रवाशाला पूल जवळजवळ तयार झालेला दिसतो. संरचना अभियंत्याच्या हिशेबी मात्र तो अर्धाच असतो. पोलाद आणि काँक्रीट यांच्या संमिश्र बांधकामात गर्डर आणि त्यावरचा स्लॅब मिळून एकच तुळई होते, आणि ही एकी काँक्रीट घट्ट झाल्यावरच प्रत्यक्षात येते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची क्षमता मात्र दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. पोलाद ताणाला खंबीर आहे, पण त्याच्या पातळ पट्ट्या दाबाखाली बाजूला वाकण्याची भीती असते. दोन टेकूंवरची तुळई भाराने वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. त्यामुळे वर काँक्रीट आणि खाली पोलाद ही विभागणी स्वाभाविक ठरते. तापमानामुळे दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, ही निसर्गाची कृपाच म्हणायची.

पण स्लॅब गर्डरवर नुसता टेकवून भागत नाही. जाड वही वाकवली की तिची पाने एकमेकांवरून सरकतात. तीच पाने चिकटवून टाकली तर वही वाकवणे कठीण जाते. सारख्या जाडीच्या दोन फळ्या एकमेकींवर ठेवल्या आणि मग त्याच पक्क्या चिकटवल्या, तर त्यांचा ताठपणा चौपट होतो आणि ताकद दुप्पट. गर्डर आणि स्लॅब यांच्यामधली ही सरक रोखण्याचे काम ‘शिअर स्टड’ करतात. गर्डरच्या वरच्या पट्टीवर वेल्डिंगने उभे केलेले हे डोके असलेले पोलादी खुंट साधारण १९ ते २२ मिलिमीटर व्यासाचे असतात. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईत सरकण्याची ओढ टेकूंजवळ सर्वाधिक असल्याने पुलांमध्ये तेथे स्टड दाट बसवतात आणि मध्याकडे विरळ.

म्हणूनच आराखड्यात दोन वेगळ्या पुलांचा हिशेब करावा लागतो. पहिल्यात ओल्या काँक्रीटचे, साच्याचे आणि कामगारांचे वजन एकटे पोलाद वाहते. दुसऱ्यात वाहनांचा भार दोघे मिळून वाहतात. काँक्रीट वर्षानुवर्षे दाबाखाली हळूहळू आखडत जाते आणि आपला वाटा पोलादाकडे ढकलते, म्हणून कायम भारासाठी त्याचा ताठपणा मुद्दाम कमी धरला जातो. या बांधकामासाठीची भारतीय मानक संहिता आयएस ११३८४ प्रथम १९८५ मध्ये आली. तिची सुधारित आवृत्ती २०२२ ची आहे.

पहिल्या हिशेबात चूक झाली तर काय होते, हे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मार्सी येथे ऑक्टोबर २००२ मध्ये दिसले. तेथील पादचारी पुलाचा गर्डर वरून उघड्या पन्हळीसारखा होता. काँक्रीटचे झाकण घट्ट झाले असते तर ती बंद पेटी बनून पीळ सहज सोसू शकली असती. पण काँक्रीट ओतण्याचे काम सुरू असतानाच संपूर्ण गर्डर पिळला जाऊन कोसळला. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अन्य काही जखमी झाले. उघड्या तोंडाला पूर्ण लांबीभर आडव्या-तिरक्या पट्ट्यांचा आधार नव्हता. पुलाने वापरातला भार कधी पाहिलाच नाही. त्याला पाडले ते त्याच्याच ओल्या स्लॅबने. पूर्ण झालेल्या पुलाच्या दृष्टीने अशा तात्पुरत्या पट्ट्या वायफळ खर्च वाटतात, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यांच्यावरच चालण्याचा मोह होतो.

पोलाद आणि काँक्रीट यांची जोडी केवळ तुळयांपुरती नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या चिनाब रेल्वे पुलाची कमान ४६७ मीटर लांब आणि नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवर आहे. तिच्या पोलादी पेट्यांमध्ये स्थैर्यासाठी काँक्रीट भरण्याची योजना करण्यात आली. आत काँक्रीट असले की पेटीच्या भिंती आतल्या बाजूला दबू शकत नाहीत आणि पोलादाच्या वेढ्यामुळे काँक्रीटलाही बळ मिळते.

साध्या पुलावर मात्र अखेरची मदार त्या बोटभर खुंटांवरच राहते. स्लॅब ओतल्यावर ते कायमचे दृष्टीआड होत असल्याने तपासणी आधीच करावी लागते. तपासनीस संशयित स्टडवर हातोडा मारून तो सुमारे १५ अंश वाकवतो. वेल्डिंगला तडा गेला नाही, तर तो वाकलेला स्टड सरळ न करता तसाच ठेवला जातो आणि त्यावर काँक्रीट ओतले जाते.