शेंगेतलं तेल, हातातलं काम

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात विकायला सोयाबीन उरलंच नव्हतं. आदल्या हंगामाचा माल दिवाळीच्या आगेमागे चार हजारांच्या आसपास निघून गेला होता आणि नवं पीक अजून फुलाशेंगेवर होतं. त्या शेंगा भरून, वाळून, सोंगून बाजारात येईपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात भाव पाच हजारांच्या घरात आला.

तेलाचे भाव पडले की तेलावर जगणाऱ्या गावांतल्या रोजगाराचं काय होतं, असं म्हटलं की आखातातली शहरं किंवा टेक्सासमधल्या विहिरी आठवतात. वाशिमच्या काळ्या जमिनीखाली खनिज तेल नाही. इथलं तेल शेंगेत आहे. खरिपाच्या सुमारे चार लाख हेक्टरांपैकी तीन लाखांच्या आसपास क्षेत्रावर एकटं सोयाबीन उभं असतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार भरली आणि तीत शंभरातले ब्याऐंशी लोक खेड्यात राहणारे होते. मोठे कारखाने नाहीत, बारमाही पाणी थोडं. त्यामुळे क्वालालंपूरच्या वायदे बाजारात पामतेल उतरलं की मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बाईचा रोज धोक्यात येतो. ही साखळी खरी आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ती अनेकदा ताणली गेली, पण तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मजुराचा हिशेब कुणी मांडला नाही.

हे अवलंबित्व फार जुनंही नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तोवर कपाशी, ज्वारी आणि तूर हीच इथली मुरलेली पिकं होती. कारंजा ही वऱ्हाडातली जुनी कापूसपेठ. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ‘शकुंतला’ कारंज्यावरून जायची, ती मुळात कापसासाठीच. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानानंतर सोयाबीनने मध्य प्रदेशातून विदर्भात पाय पसरले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं ‘जेएस ३३५’ हे वाण १९९४ मध्ये आलं आणि शिवारांचा रंग बदलत गेला. शंभर दिवसांत हाती येणारं, पावसावर भागणारं, बोंडअळीची धास्ती नसलेलं आणि पाठोपाठ हरभऱ्याला रान मोकळं करून देणारं पीक कोरडवाहू शेतकऱ्याने उचललं, यात नवल काही नव्हतं.

कामाचं गणित मात्र उलटंपालटं झालं. कपाशीची वेचणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालायची आणि ते काम बहुतांशी बायांचं. सोयाबीनमध्ये पेरणी ट्रॅक्टरने होते, निंदणाचं निम्मं काम तणनाशकाने गिळलं, मळणी यंत्रावर गेली. हाताला खरं काम उरलं ते सोंगणीचं. सप्टेंबरअखेरपासून तीन-चार आठवडे. वर्षभराची मजुरी या तीन-चार आठवड्यांत कोंबली गेली.

ही सोंगणी जवळून पाहिली की तिची घाई कळते. शेंग वाळली की थांबता येत नाही. ऊन चढलं की ती तडकते आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून टोळ्या अंधार असतानाच रानात उतरतात, दवाने शेंग नरम असते तोवर जेवढं ओढता येईल तेवढं ओढतात. वाळलेल्या काडीने बोटं सोलवटतात, म्हणून बाया तळहाताला चिंध्या बांधतात. काम बहुधा गुत्त्याने, एकरावर ठरतं. नवरा-बायको आणि हाताशी आलेलं पोर मिळून एका दिवसात जितकं रान उरकतील तितकी त्यांची कमाई. दुपारनंतर गंज लावून सुडी रचायची, वर ताडपत्री टाकायची आणि आभाळाकडे बघत मळणीयंत्राची पाळी येण्याची वाट पाहायची.

या मजुरीचे पैसे शेतकरी आणतो कुठून? पहिल्या पोत्यांच्या विक्रीतून. म्हणूनच ऑक्टोबरमधला भाव हा एकाच वेळी शेतकऱ्याचा आणि मजुराचा भाव असतो. एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर सात हजारांच्या भावाने बेचाळीस हजार हाती येतात, चार हजारांच्या भावाने चोवीस हजार. बियाणं, खत, फवारणी आणि ट्रॅक्टरचं भाडं त्यातून वजा जायचंच. ते आधीच ठरलेलं. हात आखडता घ्यायला जागा उरते ती मजुरीत. मग कुणी हार्वेस्टर बोलावतो, कुणी घरच्या माणसांवर सोंगणी ओढून नेतो.

भाव ठरतो कसा, हेही पाहायला हवं. सोयाबीनच्या क्विंटलमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. उरलेली जवळपास ऐंशी किलो ढेप, व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘डीओसी’, कोंबडीखाद्याला जाते. म्हणजे दोन बाजार एका दाण्याला ओढत असतात. सकाळी प्लँटचे दर फोनवर येतात. ते ‘दहा-दोन-दोन’ मालाचे असतात: दहा टक्के ओलावा, दोन टक्के माती-काडी, दोन टक्के डागी दाणा. वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीत हर्रासी सुरू झाली की खरेदीदार ढिगात हात खुपसतो, मूठभर दाणे तळव्यावर फिरवतो, एखादा दाताखाली फोडतो आणि हवा किती ते सांगतो. हवा म्हणजे ओलावा. चौदा-पंधराची हवा निघाली की भाव तिथेच खाली. ऑक्टोबरात पावसाने भिजलेल्या मालाला याहून कमी हवा क्वचितच असते.

बाजार समितीच्या ओट्यावर हमाल, मापारी, चाळणीवाले, पोती शिवणारे यांचं पोट चालतं. हमाली पोत्यावर मिळते, भावाच्या टक्क्यावर नाही. वरवर पाहता भाव पडला तरी हमालाचं काही बिघडायला नको. पण भाव पडला की ज्याला थांबणं परवडतं तो शेतकरी माल घरात ठेवतो किंवा शेतमाल तारण योजनेत गोदामाला लावून कर्ज उचलतो. आवक आटते. ओट्यावर गाड्या कमी, पोती कमी, पाठीवरचं ओझं कमी आणि संध्याकाळी हातात पडणारी रोकडही कमी.

पहिला मोठा धक्का २०१४ नंतर बसला. त्या वर्षीच्या मध्याला खनिज तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ पर्यंत ते तिसाच्याही खाली आलं. पामतेलापासून डिझेल बनवणं परवडेनासं झालं, तेव्हा तेही घसरलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मलेशियाच्या बाजारात सहा वर्षांच्या नीचांकाला टेकलं. निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या भारतात त्याची झळ थेट सोयाबीनला लागते. वाशिमला त्याच दोन वर्षांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, पावसानेही दगा दिला. पीक कमी आलं की भाव चढावा, ही शेतकऱ्याची जुनी आशा. आयात स्वस्त असेल तेव्हा ती फळत नाही.

२०१६ चा पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आलं आणि माल बाजारात लोटला असतानाच ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. हमीभाव २,७७५ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. रोकड नसल्याने व्यापारी चेकने पैसे देऊ लागले. ज्याच्या घरी सोंगणीच्या टोळीचा हिशेब बाकी होता, त्याने तो चेक मजुराला कसा द्यायचा? पुढे राज्य सरकारने क्विंटलला २०० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही पंचवीस क्विंटलच्या मर्यादेत. ते शेतकऱ्यासाठी होतं. मजुरासाठी अनुदानाचा रकानाच नव्हता.

त्याच २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये सौदी अरेबियात तेलमंदीने बांधकाम कंपन्या बसल्या आणि हजारो भारतीय कामगार पगाराविना छावण्यांत अडकले. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना जेद्दाला जावं लागलं. ते व्हायलाच हवं होतं. तिथे कंपनी होती, करारपत्र होतं, थकलेल्या पगाराचा आकडा होता. सोयाबीनच्या शिवारात काम गेलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याला कुणी कामावरून काढत नाही, सकाळी बोलावणं येत नाही इतकंच. त्याच्या बेकारीची नोंद झालीच तर रोजगार हमीच्या मागणीअर्जात होते, तेही ग्रामपंचायतीने अर्ज घेतला तर.

२०१७-१८ मध्ये केंद्राने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि भाव सावरला. खरी तेजी आली ती २०२० च्या अखेरीस. मलेशियात मजुरांचा तुटवडा, दक्षिण अमेरिकेत कोरडे हंगाम, चीनची खरेदी, अमेरिकेत सोयातेलापासून डिझेल करणारे प्रकल्प, असं सगळं एकाच वेळी जमून आलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, सूर्यफूल तेलाचा रस्ता बंद झाला. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. त्या उन्हाळ्यात विदर्भात सोयाबीन सात हजारांच्या वर होतं.

त्या दोन वर्षांत गावात पैसा दिसला. पत्र्याचे शेड उभे राहिले, विहिरी खोल झाल्या, थकलेली देणी फिटली. गवंड्याला, सुताराला, वेल्डिंगवाल्याला गावातच काम मिळालं. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, तेव्हा घासाघीस कमी झाली. सालगड्याचा करार हा या भागातला जवळपास एकमेव बारमाही रोजगार, आणि तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, सोयाबीन कुठल्या भावाने गेलं हे माहीत झाल्यावर ठरतो. भाव पडलेल्या वर्षी पाडव्याला मालक म्हणतो, यंदा गडी ठेवणं जमत नाही, लागेल तेव्हा रोजाने बोलावू. एवढ्या एका वाक्यात एका कुटुंबाचं वर्ष बदलतं.

तेजी टिकू दिली गेली नाही, हेही इथे स्पष्ट म्हणायला हवं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या ढेपेच्या आयातीला परवानगी दिली. ऑक्टोबरात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आणलं, साठ्यावर मर्यादा घातली. २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे बंद झाले. मे २०२२ मध्ये वर्षाला वीस लाख टन सोयातेल आणि तितकंच सूर्यफूल तेल विनाशुल्क आणण्याची मुभा मिळाली. शहरातल्या गृहिणीला तेलाचा डबा परवडावा हा हेतू रास्तच होता. मात्र तिच्यासाठी वाचवलेल्या पैशाचा मोठा वाटा वाशिमसारख्या जिल्ह्यांच्या खिशातून गेला आणि त्याची भरपाई करण्याचा विचार त्या निर्णयांच्या वेळी झाला नाही.

इंडोनेशियाने बंदी उठवल्यावर पामतेल काही महिन्यांत अर्ध्यावर आलं. सोयाबीन २०२२ च्या दिवाळीला पाच हजारांच्या आसपास, २०२३ ला त्याहून खाली आणि २०२४ च्या ऑगस्टला चार हजारांच्या घरात. यात एक नवी भर पडली. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयाढेपेचं गिऱ्हाईक तुटलं. तेल पडलं की ढेप तारायची, तोही आधार गेला.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान मानोरा तालुक्यात पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सुटला. आसपासच्या शिवारांत तेव्हा सोंगणी चालू होती. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी, १४ सप्टेंबरला, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्यावरून वीस टक्के झालं होतं. तेल किराणा दुकानात लगेच महागलं. सोयाबीन मात्र हललं नाही, कारण ढेपेला मागणी नव्हती. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजार चार-सव्वाचार हजार. विधानसभेच्या निवडणुकीत सोयाबीन हा शब्द प्रत्येक सभेत होता. मतदानाच्या तोंडावर सरकारी खरेदीतली ओलाव्याची अट बारावरून पंधरा टक्के झाली. पुढे केंद्रांवर बारदानाच मिळेना. मुदत वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत गेली आणि राज्यात अकरा लाख टनांहून अधिक खरेदी झाली. ही खरेदी मोठी होती, तिने शेतकऱ्याला आणि केंद्रावरच्या हमालांना हात दिला. पण सोंगणीची मजुरी तोपर्यंत केव्हाच देऊन झाली होती, बहुतेकांनी पहिली पोती चार हजारांनी विकून.

३० मे २०२५ ला शुल्क पुन्हा वीसवरून दहा टक्क्यांवर आलं. पेरणीच्या तोंडावर. जो शेतकरी बियाण्याची पिशवी घेऊन बसला होता, त्याला वर्षाचा भाव काय असेल याचा अंदाज तिथेच आला.

दिवाळी आटोपली की मानोरा, मंगरुळपीर, मालेगावच्या गावांतून बिऱ्हाडं निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. हे स्थलांतर सोयाबीनच्या आधीपासूनचं आहे. मात्र ज्या वर्षी शिवारात पैसा नसतो, त्या वर्षी पाडव्याला परतण्याचं कारणही राहत नाही.

पर्याय शोधणं सुरू आहे. रिसोड भागात हळद आहे. ती काढायला, शिजवायला, वाळवायला फेब्रुवारीपासून माणसं लागतात, म्हणजे सोयाबीन जिथे हात रिकामे सोडतं तिथे हळद काम देते. पण हळदीला पाणी हवं आणि ते सगळ्यांकडे नाही. अलीकडे रब्बीत चिया पेरला जातो, वाशिमच्या बाजारात त्याची खरेदीही होते. सोयाबीनच्या तीन लाख हेक्टरांपुढे हे क्षेत्र अजून लहान आहे.

२०२५ च्या खरिपाला हमीभाव ५,३२८ रुपये होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने शेंगा काळ्या पडल्या, ऑक्टोबरात भिजका माल चार हजारांच्याही खाली गेला. सरकारी खरेदी १५ नोव्हेंबरला सुरू झाली, तेव्हा सोंगणीच्या टोळ्यांचा हिशेब मिटून महिना होत आला होता.