माणदेशी वाडा : रचना आणि इतिहास

वाडा म्हटला की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. पहिल्या बाजीरावाने त्याचा पाया १७३० त घातला, वास्तुशांत १७३२ त झाली आणि १८२८ च्या आगीत आतले लाकूडकाम जळाले. उरली ती तटबंदी नि जोती. परंतु वाडा ही केवळ पेशव्यांची मिरास नव्हे. आमचे म्हसवड हे मान्यांचे ठिकाण. १६९७ त झालेल्या संताजी घोरपड्यांच्या वधाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते नागोजी माने येथलेच. अशा वतनदारांच्या वाड्यांचा कित्ता पुढे सधन शेतकऱ्यांनी व पेठेतील व्यापाऱ्यांनीही गिरवला.

हा वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेरच्या भिंती रुंद, खिडक्या मोजक्या, मोठ्या दरवाजाला आतून अडसर आणि त्यातच माणसापुरती दिंडी. धामधुमीच्या काळात हेच शहाणपणाचे होते. आत देवडी, पुढे चौक, चौकाभोवती सोपे. उजेड आणि वारा या चौकातूनच घरात येतो. घराचे माप खणांत सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. छताचा पुष्कळसा भार खांब-तुळयांवर असतो.

कोकणात उतरते छप्पर हवेच. आपल्याकडे पाऊस बेताचा, ऊन मात्र करडे. म्हणून येथे माळवद. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या नि पाला, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन हा थर ओलांडून खाली पोचेपर्यंत सांज होते. धूर जाण्यास साणे ठेवलेले असते. मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी माळवदावर नवी माती पडलीच पाहिजे. ती चुकली की पाणी मुरते आणि तुळई कुजते.

वाड्याचा घात बहुधा शत्रू करीत नाही, वाटण्या करतात. चौकात भिंत उठते, वारा कोंडतो, पन्हळ कोणाची यावर भांडण होते आणि माती घालण्याचे काम कोणाचेच राहत नाही. मग मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो. आतली ओल अडकते आणि भिंत फुगते.

वाडा राखणे प्रत्येकाच्या ऐपतीतले नाही, हे आम्ही जाणतो. निदान पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा काढावा, खण मोजावेत आणि माळवद घालणाऱ्या जुन्या गवंड्याला व सुताराला बोलते करावे. लाकूड विकून पैसा येईल. ही माहिती मात्र एकदा गेली की विकत मिळणार नाही.