कोलोनने गमावलेलं नाव आणि शेगावची कचोरी

कोलोन (जर्मनी) : राइनकाठच्या या शहराचं नाव बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या घरांना परकं नाही. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवायची, ही मराठी घरांतली जुनी रीत. त्या बाटलीवरचं ‘कोलन’ म्हणजे हेच गाव. इंग्रजीत तर ते आता साधं सामान्यनाम झालं आहे. अमेरिकेतल्या दुकानात ‘कोलोन’ मागितलं तर पुरुषांनी लावायचं कुठलंही सौम्य अत्तर पुढे येतं. ते कुठे बनलं, हे कुणी विचारत नाही. हॅम्बुर्गच्या नावावरून आलेल्या हॅम्बर्गरचंही तेच. गावाच्या नावाचा जगभर शब्द व्हावा, याहून मोठा मान कोणता, असं वाटणं साहजिक आहे. पण जर्मनीतले दाखले पाहता हा मान अनेकदा नावावरचा हक्क गमावून मिळालेला दिसतो. ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या जिल्ह्याबाहेर शहरोशहरी लागत असताना बुलढाण्याने याचा विचार वेळीच करायला हवा.

योहान मारिया फारिना हा मूळचा इटलीचा. त्याच्या घराण्याची पेढी 1709 मध्ये कोलोनला सुरू झाली. लिंबूवर्गीय फळांच्या तेलांपासून त्याने एक हलकं सुगंधी द्रव्य तयार केलं आणि आसरा देणाऱ्या गावाचं नाव त्याला दिलं. युरोपच्या दरबारांत तेव्हा फ्रेंच चाले, म्हणून ते ‘ओ द कोलोन’, म्हणजे कोलोनचं पाणी, या नावाने गाजलं. नक्कल करणारे लगेच पुढे आले. जर्मनीत व्यापारचिन्हांचा देशव्यापी कायदा झाला 1874 मध्ये; तोवर दीडशेहून जास्त वर्षं नाव मोकळंच होतं. पुढे ‘4711’ या छापाने प्रसिद्ध झालेल्या पेढीनेही सुरुवातीला फारिना आडनावाच्या एका माणसाकडून ते आडनाव वापरण्याचा हक्क विकत घेतला होता. जर्मनीत आज ‘एख्ट क्योल्निश वासर’, म्हणजे अस्सल कोलोनचं पाणी, हे नाव याच शहरातल्या मालासाठी राखून ठेवलेलं आहे. पण जगाच्या तोंडी बसलेला शब्द परत आणता आला नाही.

याच शहराने दुसऱ्या एका नावाबाबत मात्र वेगळी वाट धरली. क्योल्श ही इथली फिकट रंगाची बिअर, अरुंद, सरळ पेल्यातून दिली जाणारी. 1986 मध्ये इथल्या चोवीस बिअर-उत्पादकांनी एकत्र येऊन करार केला. क्योल्श कशाला म्हणायचं, ती कशी आंबवायची, कुठे बनवायची, कोणत्या पेल्यात द्यायची, हे सारं त्यांनी लिहून ठरवलं. 1997 मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. एकाच शहराच्या नावातून निघालेले हे दोन शब्द, आणि त्यांचं नशीब इतकं वेगळं. दरम्यान कायदे बदलले होते, हे खरं. पण कायद्याच्या दारात जाण्याआधी उत्पादकांचं आपसांत एकमत झालं होतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

आता शेगाव. संत गजानन महाराजांच्या या गावात, पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली आणि भुसावळ-नागपूर मार्गावरच्या प्रवाशांनी ती सर्वदूर नेली. फारिनासारखेच शर्माही बाहेरून आलेले. म्हणून गावाचं नाव जपणं म्हणजे परक्याला दूर ठेवणं, हा आक्षेप इथे टिकत नाही. कुणी म्हणेल, पुण्या-मुंबईतल्या पाट्यांमुळे शेगावचीच फुकट जाहिरात होते. होते, पण त्या पाटीखाली जाड, तेलकट, बेचव कचोरी मिळाली तर बट्टाही शेगावलाच लागतो. शेगावातून पुण्याला गेलेल्या कारागिराचं काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याच्या हातची चव खरीच असेल. त्याने कचोरी करू नये असं कुणीच म्हणत नाही. ‘शेगावी पद्धतीची’ असं लिहिलं की गिऱ्हाइकाला खरं कळतं आणि त्याचा धंदाही चालू राहतो.

गावाच्या नावाला कायद्याने संरक्षण देणारं भौगोलिक मानांकन हा नुसता कागद आहे, अशीही तक्रार ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालं, तरी 2025 मध्ये मिलानला एका कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता झळकल्या. क्योल्शच्या नावाने अमेरिकेतही बिअर बनते. देशाबाहेर कायद्याचा हात तोकडा पडतो, हे मान्य. पण कोल्हापूरच्या कारागिरांना आपलं गाऱ्हाणं मांडताना दाखवायला नोंदणी होती, आणि त्या कंपनीला चपलांचं भारतीय मूळ मान्य करावं लागलं. शिवाय आपल्या 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यात एक कलम आहे : जे नाव सामान्यनाम ठरलं, त्याची नोंदणी होत नाही. म्हणजे जितका उशीर, तितका दावा कमजोर. शेजारच्या जळगावची केळी आणि नागपूरची संत्री यांनी ही वाट आधीच चोखाळली आहे.

म्हणून शेगावच्या कचोरी करणाऱ्यांनी पहिली बैठक आपसांत घ्यावी. सारण कोणतं, आकार केवढा, कोणत्या हद्दीत तळलेली कचोरी शेगावची म्हणायची, हे त्यांनीच लिहून काढावं. ‘खामगावची चांदी’ म्हणताना गिऱ्हाइकाच्या मनात जो भरवसा असतो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोख व्यवहाराने आलेला आहे. तसाच भरवसा कचोरीच्या नावामागे उभा करणं शेगावकरांच्या हातात आहे.