तिकीट कोणी काढायचे?

पाटणकर बाजारातल्या आमच्या माडीवरून शेजारची गच्ची दिसते. चार वर्षांमागे त्या गच्चीवर चार मुले गिटार आणि ड्रम मांडून बसू लागली. प्रकार रॉकचा; पण गाणी त्यांची स्वतःची, चालीही स्वतःच्याच. पहिले काही दिवस मी खिडकी लावून घेतली. पुढे एका संध्याकाळी लष्करच्या उन्हाळ्यावरचे, नळाकडे डोळे लावून बसलेल्या गल्लीचे गाणे कानी आले, आणि तेव्हापासून ती खिडकी उघडीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नात हीच चौकडी दिसली. अंगात चकचकीत कोट आणि ओठांवर चालू सिनेमांतली गाणी. स्वतःचे एकही नाही. मनाला फार लागले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या नातवाला गल्लीत गाठून विचारले, "अरे, तुमचे ते पाण्याचे गाणे कुठे गेले?"

तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, ते आम्ही तीनदा तिकीट लावून केले. एकदाही वीस माणसे जमली नाहीत. तुम्ही आला होतात का?"

मी गेलो नव्हतो. खिडकीतून फुकट ऐकत होतो.

घरी आलो तो बैठकीतल्या बालगंधर्वांच्या तसबिरीकडे लक्ष गेले. "सिनेमात गेले आणि फसले," एवढाच शेरा आमचे वडील मारीत. पण ते गेले का, हे आम्ही कधी विचारले नाही.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. १९१६ चे 'स्वयंवर', १९१९ चा 'एकच प्याला' यांनी तिला वैभव आले. भारी शालू, अत्तरे, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. खर्चाला हात आखडता नव्हता, आणि कर्जही चढत गेले. हा सारा डोलारा उभा होता तो रोजच्या तिकीटविक्रीवर. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलू लागला. नाटकापेक्षा स्वस्तात गाणे ऐकायला मिळू लागले, तसा प्रेक्षक तिकडे वळला. नाटकगृहे ओस पडली, मंडळी बंद झाली आणि १९३५ साली बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त एकनाथ महाराज होऊन पडद्यावर आले.

ज्यांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांना पुरुषवेषात पाहून रसिक हिरमुसले. शिवाय 'वन्स मोअर' घेऊन एकच पद नव्या नव्या अंगाने खुलवणारा हा गायक. कॅमेऱ्यापुढे त्याला टाळी देणारे कोण? 'प्रभात'शी त्यांचे नाते त्या एका चित्रपटापुरतेच राहिले. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'लाही यश आले नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

रसिकांची निराशा खोटी नव्हती. पण बालगंधर्व सिनेमात जाण्याआधी रसिकच सिनेमाला गेले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

आपल्या ग्वाल्हेरकरांचे तर याहून निराळे. हद्दूखाँ-हस्सूखाँना शिंदे दरबाराचा आश्रय होता. १९१८ साली माधव संगीत विद्यालय उभे राहिले, तेही माधवराव महाराज आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने. गवयाच्या पोटाची काळजी सरकारवाड्याने वाहायची आणि आपण मान डोलवायची, ही सवय पिढ्यांची. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले; सवय मात्र विलीन झाली नाही. तानसेन समारोहात आजही आपण पुढची जागा धरून बसतो, आणि चार होतकरू पोरांनी दोनशे रुपयांचे तिकीट लावले की म्हणतो, "एवढे?"

त्या मुलांची लग्नातली गाणी मला आजही आवडत नाहीत. पाण्याच्या गाण्यापुढे ती फिकीच. पण "तुम्ही बदललात" असे म्हणण्याचा हक्क ज्याने तिकीट काढले त्याचा. तो मी मिळवला नव्हता.

परवा नातवाला हाक मारून सांगितले, "पुन्हा एकदा स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवा. माझी चार तिकिटे आत्ताच धर." पैसेही हातावर ठेवले. तो हसला, म्हणाला, "आजोबा, अजून सोळा गिऱ्हाइके आणा."

आता वाड्यावाड्यांतून हिंडतो आहे. सात झाली आहेत.