फादर थॉमस स्टीफन्स

तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत उर्दूतून शिकता आणि मराठी दुसरी भाषा म्हणून वाचता. चाळीसगावच्या बाजारात गेलात तर तिथे अहिराणीही कानांवर पडते. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसापुढे असाच भाषांचा मेळा उभा राहिला होता. त्या वेळी त्याचे वय तीस वर्षांचे होते. मराठीचे छापलेले व्याकरण तेव्हा नव्हते. छापलेला शब्दकोशही नव्हता. तरीही तो मराठी शिकला आणि तिच्यात त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य लिहिले. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. त्याच्या काव्याचे नाव 'ख्रिस्तपुराण'.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. ते कॅथलिक ख्रिस्ती होते. त्या काळी इंग्लंडवर पहिल्या एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथलिकांवर कडक बंधने होती. स्वतःच्या देशात स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करण्याची सोय नव्हती. म्हणून स्टीफन्स रोमला गेले. तिथे १५७५ साली ते जेझुइट पंथात दाखल झाले. हा पंथ शिक्षण आणि धर्मप्रसार यांसाठी दूरदूरच्या देशांत माणसे पाठवीत असे. स्टीफन्स यांनी भारतात जायचे ठरवले.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास कसा झाला, हे त्यांनी वडिलांना पत्रातून कळवले. वाटेत ताजे अन्न मिळत नसे. हिरड्या सुजत, अंग सुजे. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी ते मोठ्या उत्सुकतेने वाचले.

त्या व्यापाऱ्यांपैकी एकाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिचा संबंध आपल्या खानदेशाशी आहे. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे तीन सोबती यांना पोर्तुगिजांनी हेर समजून पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले. परक्या देशात त्यांच्या ओळखीचे कोण असणार? स्टीफन्स त्यांच्या मदतीला धावले. त्यांच्या प्रयत्नांनी ते जामिनावर सुटले. पुढच्या वर्षी फिच गोव्याहून निसटला. विजापूर, गोवळकोंडा असे करीत तो बऱ्हाणपूरला आला. बऱ्हाणपूर ही तेव्हा खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. फिचने आपल्या प्रवासवर्णनात या शहराची हकीकत लिहून ठेवली आहे.

स्टीफन्स यांचे जवळजवळ सारे आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टी भागात गेले. मडगाव, राशोल आणि आसपासची खेडी हे त्यांचे कार्यक्षेत्र. तिथे त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कान उघडे ठेवले. लोक घरात आणि शेतात कोकणी बोलत. मात्र पुराण, कथा, कीर्तन यांची भाषा मराठी होती. ओवी ऐकायची तर ती मराठीत, असा लोकांचा परिपाठ होता. म्हणून स्टीफन्स यांना एक नव्हे, दोन भाषा शिकाव्या लागल्या. रोजच्या शिकवणीसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिले. कोकणीचे व्याकरणही लिहिले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ आणि १६४० साली छापली गेली. काव्यासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली.

१५८३ साली त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. इथल्या भाषा कानाला गोड लागतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यात म्हटले आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला आणि तो जगभर गाजला. स्टीफन्स यांना त्याची चाहूल दोनशे वर्षे आधी लागली होती.

पण तो काळ शांततेचा नव्हता, आणि ही बाजू लपवून चालणार नाही. पोर्तुगीज सरकारने साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांचे जुने धर्मग्रंथ त्यांच्यापासून हिरावले गेले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी लोकांचा राग उफाळून आला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यांत रुडॉल्फ अक्वाविवा हे धर्मगुरू होते. अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे राहून ते नुकतेच परतले होते. पुढे पोर्तुगिजांनी त्या गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावले आणि ठार मारले. त्या वेळी स्टीफन्स साष्टीतच काम करीत होते.

या पार्श्वभूमीवर 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीचा एक प्रसंग वाचला म्हणजे मन थांबते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीसाहेबांना प्रश्न विचारतो. तुम्ही आम्हांला आमची जुनी पुराणे वाचू देत नाही. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? वेळ आम्ही घालवावा कसा आणि मन कशात रमवावे? प्रश्न सरळ आहे आणि त्यात तक्रारही आहे. स्टीफन्स यांनी ती तक्रार आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माणसांचा धर्म बदलला तरी त्यांचा कान बदलत नाही, हे त्यांना उमगले होते.

'ख्रिस्तपुराणा'चे दोन भाग आहेत आणि एकूण पंचाण्णव अध्याय आहेत. अध्यायाला त्यांनी 'अवस्वरू' असे नाव दिले आहे. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासूनची कथा येते. त्यातली नावे तुम्हांला परकी वाटणार नाहीत. तुम्ही ज्यांना हजरत आदम, हजरत नूह, हजरत इब्राहीम, हजरत मूसा आणि हजरत दाऊद म्हणता, त्यांना मराठी ख्रिस्ती लोक आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे आणि दावीद म्हणतात. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' हा शब्द वापरतात. सुटकेसाठी 'मोक्ष' म्हणतात. विचार ख्रिस्ती आहेत, पण शब्द श्रोत्यांच्या ओळखीचे आहेत.

छंद ओवीचा आहे. ओवीचे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा चरण मोकळा राहतो. उर्दू शायरीत ज्याला काफिया म्हणतात, त्यासारखेच हे यमक. संत ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी' याच छंदात सांगितली. स्टीफन्स यांच्या काळात पैठणला संत एकनाथ ओव्या लिहीत होते.

ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी गायिली आहे. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी आणि पक्ष्यांत मोर शोभतो, तशी भाषांत मराठी शोभते, असा त्याचा आशय आहे. कस्तुरी म्हणजे उर्दूतील मुश्क. मराठीचे कौतुक अनेकांनी केले आहे, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी त्याने केलेले हे कौतुक वेगळेच वाटते. तरीही त्यांनी भाषेचा डौल मिरवला नाही. साध्या लोकांना समजावे म्हणून मराठीत त्यांनी कोकणी शब्द मिसळले. आज आपल्याला तो ग्रंथ वाचणे सोपे जात नाही. शब्द जुने आहेत आणि क्रियापदांची रूपेही जुनी आहेत. त्या काळच्या श्रोत्यांना मात्र तो ऐकताच कळत असे. रविवारी आणि सणाच्या दिवशी तो चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई.

आता छपाईची हकीकत. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. पण त्यात फक्त रोमन अक्षरांचे खिळे होते. खिळा म्हणजे छापण्यासाठी धातूचे केलेले अक्षर. स्टीफन्स यांना इथल्या लिपीचे खिळे हवे होते. १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहून तशी विनंती केली. युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, पण इथे जवळजवळ सहाशे खिळे लागतील, असे त्यांनी कळवले. का बरे? क, का, कि, की, क्य, क्र असे प्रत्येक रूप वेगळे घडवावे लागते. उर्दूची अडचणही काहीशी अशीच होती. नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणे इतके कठीण, की उर्दू वर्तमानपत्रे १९८० च्या दशकापर्यंत कातिबांच्या हातांनीच लिहिली जात.

खिळे मिळाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन अक्षरांत. मग ट, ण, ळ हे उच्चार कसे दाखवायचे? त्यासाठी रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती वापरली. 'त'साठी एक अक्षर आणि 'ट'साठी तेच अक्षर दोनदा. 'न' एकदा लिहिला तर न, दोनदा लिहिला तर ण. उर्दूतही अशी युक्ती आहे. 'ते' या अक्षरावर छोटी 'तोए' काढली की 'टे' होते आणि 'दाल'वर काढली की 'डाल' होते. 'ळ'साठी मात्र उर्दूत वेगळे अक्षर नाही. आपल्या गावाचे नाव उर्दूत लिहून पाहा. तिथे 'लाम' येते आणि 'चालीसगाँव' होते. स्टीफन्स यांनी हे नाव लिहिले असते, तर 'ल'चे अक्षर दोनदा लिहून 'ळ' दाखवला असता. परक्या माणसाच्या कानाने ल आणि ळ यांतला फरक नेमका टिपला होता.

त्याच काळात उत्तरेत असेच आणखी एक काम झाले. जेरोम झेवियर हे जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारात होते. बादशहाने खानदेशातील आशीरगडाला वेढा घातला, तेव्हा तेही छावणीत होते. १६०२ साली त्यांनी अब्दुस्सत्तार बिन कासिम लाहोरी यांच्या मदतीने येशूचे चरित्र फारसीत लिहिले. त्याचे नाव 'मिरातुल कुद्स', म्हणजे पवित्रतेचा आरसा. झेवियर यांचे पुस्तक बादशहासाठी होते, स्टीफन्स यांचे गावकऱ्यांसाठी.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात वारले. इंग्लंड सोडल्यावर ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. त्यांच्या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली निघाल्या. त्यानंतर मात्र वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी. ज्या भाषेची स्टीफन्स यांनी थोरवी गायिली, तीच त्यांच्या धर्माच्या सरकारने दूर लोटली. जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? तो लोकांनी वाचवला. गोव्याहून मंगळूरकडे गेलेली ख्रिस्ती कुटुंबे हस्तलिखित प्रती बरोबर घेऊन गेली. त्या प्रतींवरून पुन्हा प्रती केल्या गेल्या. घरोघरी पुराण गायिले जाई. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले, पण तेही रोमन लिपीतच. देवनागरीत लिहिलेले एक हस्तलिखित लंडनच्या ग्रंथसंग्रहात पडून होते. मराठी संतांचे अभ्यासक रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकात त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून संपूर्ण 'ख्रिस्तपुराण' देवनागरीत छापून प्रसिद्ध केले. स्टीफन्स यांनी खिळे मागितले, त्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.