सायकल : आरोग्याच्या जमाखर्चातील एक दुर्लक्षित बाब

वार्षिक अहवाल म्हटला की हिशेब आलाच. उपचारांवरील खर्चाची पाने चाळताना एक गोष्ट आमच्या दरवर्षी ध्यानात येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि त्यांतून उद्भवणारे मूत्रपिंडाचे विकार यांवरील उपचार एकदा सुरू झाले की बहुधा जन्मभर चालतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. आपल्यासारख्या देणगीदारांच्या औदार्यामुळे गरजू रुग्णांना असे उपचार सवलतीत मिळू शकतात. तथापि, यांतील अनेक आजार टाळता किंवा निदान लांबविता येण्यासारखे आहेत, हे सांगणे हेही धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य होय. त्या हेतूने सायकल या साध्या वाहनाविषयी चार शब्द येथे मांडीत आहोत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह असून, आणखी १३ कोटींहून अधिक व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे. आनुवंशिकता, आहार, मानसिक ताण अशी याची अनेक कारणे आहेत. परंतु शारीरिक श्रमांचा अभाव हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. कोल्हापूर ही तालमींची आणि लाल मातीची नगरी. येथील माणसाचा आहार सकस आणि भरपूर, कारण त्यामागे तशीच मेहनत असे. आज मेहनत कमी झाली, आहार मात्र बहुतांशी तोच राहिला.

श्रम आणि हृदय यांचा संबंध वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच तपासला आहे. लंडनमधील बसचालक आणि वाहक यांच्या आरोग्याची तुलना डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढे २०१७ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार नोकरदारांच्या पाहणीत, सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसून आले. सायकल चालविणारे मुळातच अधिक निरोगी असतील, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे वगळता येत नाही; तरीही इतर देशांतील अभ्यासांचा कलही याच बाजूचा आहे.

यामागील कारण समजण्यास सोपे आहे. पायडल मारताना मांड्या व पोटऱ्यांचे मोठे स्नायू एका लयीत काम करतात. काम करणारे स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर तितकेसे अवलंबून राहावे लागत नाही. नियमित सरावाने हृदयाची क्षमता वाढते व रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. शरीराचा बराचसा भार बैठकीवर येत असल्याने चालण्या-धावण्याच्या मानाने गुडघ्यांवर ताणही कमी पडतो.

आता थोडा हिशेब करू. कोल्हापूर शहराचे क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे घरापासून कचेरी, शाळा, मंडई अथवा अंबाबाईचे मंदिर ही अंतरे पुष्कळांच्या बाबतीत चार-पाच किलोमीटरच्या आतच असतात. समजा, एखादी व्यक्ती चार किलोमीटरवरील कामाच्या ठिकाणी आठवड्यातून सहा दिवस सायकलने जाऊ लागली. जाण्यायेण्यास रोज सुमारे ४० मिनिटे, म्हणजे आठवड्यास २४० मिनिटे व्यायाम घडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. ती पूर्ण करण्यास वेगळा वेळ काढावा लागणार नाही. वर्षाचे ३०० दिवस धरले तर हे अंतर २,४०० किलोमीटर होते. लिटरला ४५ किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीला त्यासाठी सुमारे ५३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०० रुपये धरल्यास वर्षाकाठी ५,३०० रुपयांची बचत होईल.

हे ५३ लिटर पेट्रोल न जळल्याने सुमारे १२० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार नाही. एका माणसापुरता हा आकडा लहान वाटेल. पण शहराची हवा अशा लहान आकड्यांच्या बेरजेनेच बिघडते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळली गेलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचाही समावेश झाला. दाभोळकर कॉर्नर किंवा ताराराणी चौकात सायंकाळी उभे राहणाऱ्यास त्याचे कारण निराळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील महापुरात महामार्ग बंद पडून शहरात इंधनाची टंचाई झाली होती, तेव्हा इंधनाविना चालणाऱ्या वाहनाचे मोल अनेकांस नव्याने कळले.

सायकल म्हणजे परिस्थिती नसलेल्याचे वाहन, असा समज अद्याप पुरता गेलेला नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पार पाडली. हे तिघेही वैद्यकीय क्षेत्रातील आहेत, याची येथे आवर्जून नोंद करावीशी वाटते.

मात्र रस्त्यांवरील धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. शिरस्त्राण, मागील लाल दिवा व उत्तम ब्रेक यांत काटकसर करू नये. शक्य तेथे मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीचा मार्ग घ्यावा. तेथे धूरही कमी असतो. बैठकीची उंची अशी ठेवावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. चाळिशी ओलांडलेल्यांनी व हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी करूनच प्रारंभ करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट ठेवावे. छातीत दुखल्यास अथवा दम लागल्यास तत्काळ थांबावे. सायकल सुरू केली म्हणून चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, ही विशेष विनंती. वेगळ्या सायकल मार्गांची मागणी नागरिकांनी लावून धरणेही अगत्याचे आहे, कारण असुरक्षित रस्त्यावर उपदेश फार काळ टिकत नाही.

रुग्णालयाच्या आवारात कर्मचारी व रुग्णांचे नातेवाईक यांच्या सायकलींसाठी छप्पर असलेली विनामूल्य जागा राखून ठेवण्याचा आमचा मानस आहे. आपल्या देणगीतून एखाद्या रुग्णाचा उपचार होतो, याचे समाधान मोठेच आहे. त्याच्या जोडीला, घरातील एखादे जवळचे काम आठवड्यातून दोन दिवस जरी सायकलने केले, तरी एक रुग्ण कमी होण्यास आपण हातभार लावाल. आमच्या खाटा रिकाम्या राहिल्या, तर संस्थेच्या जमाखर्चात त्याहून चांगली शिल्लक कोणती असणार?