सूक्ष्मदर्शक यंत्र आणि काळपुळीची परीक्षा

सायंकाळीं वैरण खाऊन उभा असलेला धडधाकट बैल पहांटे गोठ्यांत मरून पडलेला आढळावा, आणि त्याच्या नाकातोंडांतून काळसर, न गोठणारें रक्त वहात असावें, असा प्रसंग आला म्हणजे कोणी सर्पदंशाचा तर्क करितो, कोणी विषप्रयोगाचा. परंतु हीं लक्षणें काळपुळी रोगाचीं असूं शकतात. आणि तिचा निर्णय करण्याचें जुनें व विश्वसनीय साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र होय.

काळपुळीचे जंतु कांडीसारखे असून त्यांची जाडी सुमारें १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, असते. ते रोगी जनावरांच्या रक्तांत इ. स. १८५० मध्यें फ्रान्स देशांत दिसले. पण तेच रोगाचें कारण होत, हें वोल्स्टाइन ह्या लहानशा गांवच्या रॉबर्ट कॉख नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८७६ सालीं सिद्ध केलें. बैलाच्या डोळ्यांतील पाण्याच्या थेंबांत हे जंतु वाढून त्यांचे लांब तंतु होतात व तंतूंत बीजाणु धरतात, हें त्यानें यंत्राखालीं प्रत्यक्ष पाहिलें.

यंत्राच्या नळींत खालीं वस्तुभिंग व वर नेत्रभिंग असतें. पहिलें शंभरपट व दुसरें दहापट मोठें दाखवीत असल्यास एकंदर आकार हजारपट दिसतो. परंतु नुसतें मोठें दिसून भागत नाहीं, स्पष्टही दिसावें लागतें. कांचेंतून हवेंत शिरतांना प्रकाशकिरण वांकतात व पुष्कळसे भिंगाबाहेर जातात. म्हणून कांचपट्टी व भिंग ह्यांमध्यें कांचेइतकेंच किरण वांकविणाऱ्या तेलाचा थेंब ठेवितात. अशीं भिंगें येना येथील झाइस कारखान्यांत अर्न्स्ट अब्बे ह्यांनीं १८७८ च्या सुमारास सिद्ध केलीं. तरीही प्रकाशाच्या साध्या यंत्रास मर्यादा आहे. सुमारें ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदु त्यांत निराळे दिसत नाहींत. लाळ्या-खुरकुताचा विषाणु याहूनही पुष्कळ लहान असल्यामुळें तो ह्या यंत्रांत सांपडत नाहीं.

जंतु पारदर्शक असल्यानें त्यांस रंग द्यावा लागतो. रक्ताचा पातळ थर कांचपट्टीवर सुकवून त्यास मुरविलेला मेथिलीन ब्ल्यू रंग देतात. काळपुळीचे जंतु निळे, चौकोनी टोकांचे व लहान सांखळ्यांत दिसतात, आणि त्यांभोंवतीं गुलाबीसर वेष्टन असतें. ही खूण मॅकफॅडियन ह्या ब्रिटिश पशुवैद्यानें १९०३ सालीं दाखविली. प्रेत कुजविणाऱ्या जंतूंस असें वेष्टन दिसत नाहीं.

परंतु उशीर झाल्यास प्रेत कुजूं लागतें व खरे जंतु नाहींसे होतात. मग उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरतें. ह्यासाठीं जनावर अकस्मात् मेल्यास पशुवैद्यास तत्काळ वर्दी द्यावी. तो कानाच्या शिरेंतून रक्ताचा थेंब घेईल, तेवढा पुरे. प्रेत फाडूं नये, आणि कातडें विकलें जाईल म्हणून सोलूं तर मुळींच नये. रक्तास हवा लागली कीं जंतूंचे बीजाणु बनतात व ते मातींत अनेक दशकें जिवंत राहतात. शिवाय सोलणाऱ्या माणसासही हा रोग जडतो. निर्णय झाल्यावर प्रेत जाळावें किंवा खोल पुरावें, आणि अशा गांवीं बाकीच्या गुरांस दरसाल लस टोंचून घ्यावी. एका कातड्याच्या लोभानें पिढ्यान्‌पिढ्यांचें कुरण विषारी करून ठेवणें, हा कोणत्याही हिशेबानें तोट्याचाच व्यवहार होय.